किक मारण्याआधी : प्रस्तावना

ही पुस्तिका वाचून कोणी मेस्त्री होणार नाही. इंजिन खोलणं, क्लचप्लेटा बदलणं, बोअर करून आणणं, यातलं काहीच इथे सापडणार नाही. काल संध्याकाळी व्यवस्थित घरी आलेली मोटारसायकल आज सकाळी स्टार्ट होत नाही, एवढ्या एकाच प्रसंगासाठी ती लिहिली आहे. अशा वेळी पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत काय बघायचं, कोणत्या क्रमानं बघायचं आणि कुठे थांबून गॅरेजला फोन लावायचा, हाच तिचा विषय.

शहरातल्या वाचकाला तो किरकोळ वाटेल. रिक्षा करायची आणि कामाला जायचं. पण जुन्नर तालुक्यातल्या ओझर, शिरोली, धालेवाडी, हिवरे या बाजूला राहणाऱ्याला असं वाटणार नाही. इकडे पहाटे दुधाचे कॅन मोटारसायकलीवरूनच डेअरीला जातात. तोडणीच्या दिवसांत टोमॅटोचे क्रेट बांधून तीच नारायणगावच्या मार्केटला पळते. पोरांचं कॉलेज, म्हातारीचा दवाखाना, फवारणीचा पंप, लग्नाच्या पत्रिका, सगळं तिच्यावर. एसटी तिच्या वेळेला येते, आपल्या वेळेला नाही. गाडी अडली की दूध तापायच्या आत शेजाऱ्याच्या दारात जाऊन उभं राहावं लागतं, आणि तीही गाडी नेमकी बाहेर गेलेली असते.

दुसरं कारण अधिक गंभीर आहे. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि आंबेगाव तालुक्यातलं डिंभे, या कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांनी या भागात पाणी खेळवलं. पाण्यामागून ऊस आला आणि उसात बिबट्यानं घर केलं. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र उभारावं लागलं, यावरून परिस्थितीची कल्पना यावी. शेतीपंपाची लाइट रात्रपाळीची असली की मोटार चालू करायला आणि दारं धरायला रात्रीच वावरात जावं लागतं. काम उरकून माणूस बांधावर येतो आणि उसाच्या कडेला लावलेली गाडी किक घेत नाही. मोबाइलला रेंज असेलच असं नाही. अशा वेळी ‘गाडीला करंट येतोय का’ हा प्रश्न यंत्राचा राहत नाही. ही पुस्तिका लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे असलेला वाचक हाच.

गाडी स्टार्ट व्हायला तीन गोष्टी लागतात. हवेत नीट मिसळलेलं पेट्रोल, ते पेटवणारी ठिणगी, आणि ते मिश्रण दाबून धरण्याची इंजिनाची ताकद, म्हणजे कॉम्प्रेशन. ठिणगी नेमक्या वेळी पडावी ही चौथी अट, पण हल्लीच्या गाड्यांत ती सहसा बिघडत नाही. काल चालत असलेल्या गाडीचं कॉम्प्रेशन रातोरात जाणं विरळा. ते महिनोन्‌महिने उतरत जातं : ऑइल कमी होऊ लागतं, सायलेन्सरमधून निळसर धूर येतो, चढाला गाडी दम टाकते. त्यामुळे अचानक अडलेल्या गाडीत संशय आधी ठिणगीवर आणि पेट्रोलवर घ्यायचा. एवढं कळलं तरी पहिल्याच भेटीत ‘इंजिन खोलावं लागेल’ म्हणणाऱ्यापासून बऱ्यापैकी बचाव होतो.

आधीच्या पिढीला हे सांगावं लागत नव्हतं. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून जावा गाड्या बाहेर पडू लागल्या, पुढे येझदी आल्या, जोडीला राजदूत होती. या ‘पॉइंट’वर ठिणगी पाडणाऱ्या गाड्या. पॉइंट झिजायचे, त्यांच्यातलं अंतर बिघडायचं, मालक पॉलिश पेपरचा तुकडा खिशातच ठेवायचा. बुलेटवाल्याचा विधी तर बघण्यासारखा असे. डीकॉम्प्रेशनचा खटका दाबून किक हळूच खाली न्यायची, अँपिअर मीटरचा काटा मध्यावर आणायचा आणि मगच अंगातलं बळ लावायचं. न जमल्यास किक उलटी पोटरीत. आकुर्डीची चेतक तिरकी केल्याशिवाय स्टार्ट होत नाही, अशी घराघरांत श्रद्धा होती. या सगळ्यात अंधविश्वास थोडा होता, पण आपल्या गाडीची खोड मालकाला ठाऊक होती.

मग १९८५ साली हीरो होंडाची सीडी १०० आली. ‘फिल इट, शट इट, फर्गेट इट’ ही तिची जाहिरात. पेट्रोल भरा, टाकी बंद करा, विसरून जा. गाडी खरोखर तशी होती, आणि आपण खरोखर विसरलो. पॉइंट जाऊन सीडीआय आला, पुढे स्प्लेंडर आणि बॉक्सर गावोगाव पोचल्या, आमच्याच पुणे-नाशिक रस्त्यावरच्या चाकणला पल्सर बनू लागली. गाड्या इतक्या भरवशाच्या झाल्या की ज्या दिवशी अडतात त्या दिवशी आपल्याला प्लग कुठल्या बाजूला आहे हेही माहीत नसतं. मला जुन्या गाड्यांचं कौतुक नाही. रोज सकाळी पोटरी फोडून घेण्यात मर्दुमकी कसली? पण जुन्या मालकाकडे असलेला क्रम मात्र परत हवा आहे.

त्या क्रमाचा नियम साधा. ज्याला पैसे लागत नाहीत ते आधी, ज्याला पाना लागत नाही ते त्याच्याही आधी. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. प्लग, कॅप आणि पेट्रोल तिन्ही एका दमात बदललं तर गाडी स्टार्ट होईलही, पण दोष कशात होता हे कळणार नाही, आणि तो पंधरा दिवसांनी परत येईल.

बिनपैशाच्या तपासणीला लोक हसतात. हसू नये. ओझर आणि लेण्याद्री, अष्टविनायकांतले दोन गणपती याच तालुक्यात आहेत. संकष्टीला, त्यातून अंगारकी असली तर पाहायलाच नको, देवळाच्या पार्किंगमध्ये हँडलला हँडल लागलेलं असतं. उभ्या गाडीवर कोणाचं तरी पोरगं चढतं, भुर्र करतं, आणि उतरताना उजव्या मुठीजवळचं लाल बटण दाबून जातं. मालक दर्शन घेऊन येतो आणि घामाघूम होईस्तोवर किका मारतो. विघ्नहराच्या गावातल्या माणसानं असं म्हणू नये, पण देवाला साकडं घालण्याआधी किल स्विच बघावा. पेट्रोलचा कॉकही असाच. रिझर्व्हवर आलेली गाडी पंपावर नेऊन पेट्रोल भरलं, पण कॉक पुन्हा ‘ऑन’वर फिरवला नाही, की पुढच्या वेळी रिझर्व्ह उरतच नाही. गाडी गिअरमध्ये असणं, क्लच पूर्ण न दाबणं, साइड स्टँड खाली राहणं, यांपैकी काहीही नव्या गाडीला अडवायला पुरतं. स्टँडच्या बुडाशी असलेला स्विच चिखलानं भरला तर स्टँड वर असूनही गाडीला तो खालीच वाटतो.

यानंतर कानांचं काम. चावी फिरवून हॉर्न वाजवा. हॉर्न रडका वाजला, सेल्फ दाबल्यावर नुसतं टक-टक झालं आणि मीटरचे दिवे मंदावले, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिचे टर्मिनल सैल आहेत. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड साचली असेल तर ती साफ करून स्क्रू आवळला की पुष्कळदा काम होतं. काहीच वाजलं नाही आणि दिवाही लागला नाही तर फ्यूज. तो सहसा बॅटरीशेजारी असतो आणि डबीत एक जादा फ्यूज कंपनीनंच दिलेला असतो. उडालेल्या फ्यूजच्या जागी तांब्याची तार बांधणारे महाभाग आपल्यात आहेत. तार उडत नाही, वायरिंग जळतं. सेल्फ जोरात फिरतोय, पण इंजिन पेट घेत नाही, असं असेल तर बॅटरीला दोष देऊ नका. मग प्लगकडे वळायचं.

पुस्तिकेतलं सर्वांत मोठं प्रकरण प्लगवर आहे, कारण गाडीची बातमी प्लगइतकी स्पष्ट कोणी देत नाही. कॅप ओढताना कॅपच धरा, वायर धरून ओढू नका. प्लगच्या भोवती माती साचलेली असते, ती आधी ब्रशनं किंवा फुंकून काढा, नाहीतर प्लग निघताच ती थेट सिलिंडरात. पान्यानं प्लग सैल केल्यावर शेवटचे आटे बोटांनी सोडवा आणि टोक उजेडात धरून बघा. फिकट तपकिरी असेल तर इंजिनाचं जळण ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी : चोक ओढलेला राहिला, किंवा एअर फिल्टर धुळीनं बुजला. तेलकट काळा असेल तर रिंग किंवा व्हॉल्व्हच्या सीलकडून ऑइल वर येतंय, ते काम गॅरेजचं. पण अडलेल्या गाडीत रंगापेक्षा महत्त्वाचं आहे ते ओलेपण. पाच-सहा किका मारून काढलेला प्लग पेट्रोलनं ओला असेल तर पेट्रोल पोचतंय, ठिणगी पडत नाही किंवा पेट्रोल ओव्हर झालंय. तोच प्लग खडखडीत कोरडा असेल तर ठिणगीच्या मागे लागण्यात अर्थ नाही, पेट्रोलच येत नाहीये. पुढची अर्धी पुस्तिका इथे दोन वाटांनी फुटते.

ओल्या प्लगची वाट अशी. प्लग पुसून कोरडा करा, कॅपमध्ये घाला आणि त्याची धातूची बाजू इंजिनाच्या उघड्या धातूला घट्ट टेकवून ठेवा, पण प्लगच्या भोकापासून लांब, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर फेकली जाते. चावी ऑन करून किक मारा. निळी, जाड, टिक् आवाज करणारी ठिणगी चांगली. पिवळट आणि बारीक असेल तर कमजोर. प्लग हातात धरून हा प्रयोग करू नका, झटका जबर बसतो. कॅप नुसती लोंबती ठेवूनही किक मारू नका : हजारो व्होल्टला जायला वाट मिळाली नाही की ते कॉइल किंवा सीडीआयमधून वाट काढतात. आणि इंजेक्शनच्या गाडीवर हा प्रयोग मुळीच नको. तिथे सेल्फ दाबताच इंजेक्टर पेट्रोल फवारतो आणि ठिणगी शेजारीच असते.

पावसाळ्यात ठिणगी हरवण्याचं कारण बहुधा कॅपमध्ये असतं. आपटाळे, मढ, माळशेज या पश्चिमेच्या बाजूला पावसात फिरून आलेल्या किंवा सर्व्हिसिंगला प्रेशरनं धुतलेल्या गाडीच्या कॅपमध्ये पाणी शिरतं आणि करंट प्लगऐवजी बाहेरूनच इंजिनाच्या अंगावर उतरतो. कोरड्या फडक्यानं कॅप आतून पुसली की गाडी बोलू लागते.

इथे थोडं विषयांतर. ओझरपासून फार लांब नाही अशा खोडदला जीएमआरटी ही जगातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक उभी आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. आकाशातून येणारे अतिशय क्षीण रेडिओ संकेत त्या टिपतात. मोटारसायकलच्या प्लगची प्रत्येक ठिणगी म्हणजे एक छोटं रेडिओ प्रक्षेपणच असतं. जगातली पहिली बिनतारी यंत्रं ठिणग्यांवरच चालत. हा गोंगाट दाबण्यासाठी प्लगमध्ये किंवा कॅपमध्ये साधारण ५ किलोओहमचा रोध बसवलेला असतो. प्लगवरच्या नंबरातलं ‘आर’ हे अक्षर बहुतेक वेळा त्याचंच. हे सांगायचं कारण व्यवहाराचं आहे. कॅपमधला हा रोध आतून तुटतो, बाहेरून कॅप नवीकोरी दिसते, आणि आपण नवे प्लग बदलत बसतो. कॅप स्वस्त असते. तिचा संशय आधी घ्यावा, सीडीआयचा मागून.

कोरड्या प्लगची वाट टाकीकडे जाते. टाकी हलवून आवाज ऐका, पण आवाजावर विसंबू नका, झाकण उघडून बघा. उघडताना फुस्स आवाज आला आणि त्यानंतर गाडी स्टार्ट झाली, तर दोष झाकणाच्या हवेच्या भोकात. ते चिखलानं बुजलं की टाकीत हवा शिरत नाही आणि पेट्रोल खाली उतरत नाही. ही गाडी काही किलोमीटर चालते, बंद पडते, थोड्या वेळानं आपोआप चालू होते आणि पुन्हा बंद पडते. भूतबाधा झाल्यासारखी. या एका दोषापायी लोकांनी कार्बोरेटर बदलले आहेत.

झाकण ठीक असेल तर कार्बोरेटरच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करून थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या. विडी-काडी लांब ठेवून. तळाशी वेगळा थर किंवा लोळणारे थेंब दिसले तर पाणी. पेट्रोलमधल्या पाण्याचा विषय आता नव्यानं महत्त्वाचा झाला आहे. देशात पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा २०२२ साली गाठला गेला, आणि आता पंपावर २० टक्क्यांचं पेट्रोल मिळतं. हे इथेनॉल ज्या पिकांपासून बनतं त्यांत ऊसही आहे, म्हणजे आपल्याच वावरातलं पीक आपल्याच टाकीत परत येतं. ऊस उत्पादकाला त्याचा फायदा आहे, नाकारायचं कारण नाही. पण इथेनॉल पाणी ओढून घेतं. थोडं पाणी ते पोटात घालतं, मर्यादा ओलांडली की पाण्यासकट वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं, आणि इंजिन ओढतं ते तळाचंच. त्यामुळे पावसाळाभर अंगणात उघड्यावर, अर्ध्या टाकीनिशी, न वापरता उभी राहिलेली गाडी दिवाळीत अडली तर नवल नाही. एप्रिल २०२३ पूर्वीच्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि वायसरही एकदा तपासून घ्यावेत. गाडी महिनाभर उभी ठेवायची असेल तर काय करायचं, याचं एक पान पुस्तिकेत आहे.

हवेच्या बाजूचं कमी सांगतो. डिसेंबर-जानेवारीत कुकडीकाठी पहाटे कडाका असतो, थंड पेट्रोलची वाफ होत नाही, म्हणून चोक. चोक ओढल्यावर रेस देऊ नका, दिलीत तर चोकचा परिणामच जातो. उलट पेट्रोल ओव्हर झालं असेल तर चोक बंद, चावी बंद, रेस पूर्ण उघडी आणि पाच-सात किका, मग नेहमीसारखी स्टार्ट. शेतातल्या गोठ्यात उभी राहणारी गाडी असेल तर एअर फिल्टरचा डबा उघडून बघा. उंदीर तिथे चिंध्या आणि भुसा भरून संसार थाटतात, जाताना वायरीही कुरतडतात.

एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि बऱ्याचशा गाड्यांतून कार्बोरेटर गेला. पेट्रोल इंजेक्शननं येऊ लागलं, चोक उरला नाही, आणि वर सांगितलेलं पुष्कळसं या गाड्यांना लागू होत नाही. तरी आपल्या हातात काही आहे. चावी फिरवल्यावर टाकीतून एक-दोन सेकंद पंपाची घूं ऐकू येते. ती थांबेपर्यंत सेल्फ दाबू नका. घूं आलीच नाही तर फ्यूज आणि बॅटरी. इंजिनाचं चित्र असलेला पिवळा दिवा लुकलुकत राहिला तर गाडी स्वतःच दोष सांगते आहे, तो मोबाइलवर चित्रित करून मेस्त्रीला पाठवा. गाडी पडली असेल तर कलंडल्याचं ओळखणारा सेन्सर इंजिन बंद करतो : गाडी उभी करून चावी एकदा बंद करून पुन्हा चालू करायची. आणि बॅटरी पूर्ण मेली असेल तर उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये धक्का देऊन काही होणार नाही, पंपालाच वीज लागते.

आता एक कडू गोष्ट. न स्टार्ट होणाऱ्या गाडीचं सर्वांत जास्त नुकसान तिचा मालक करतो, पहिल्या पाच मिनिटांत. सेल्फवरचं बोट तो काढतच नाही. प्लग भिजतो, बॅटरी उतरते, सेल्फची मोटार तापते, आणि एका दोषाचे तीन होतात. सेल्फ एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबू नका, मध्ये दहा सेकंद थांबा.

गॅरेजवाल्यांबद्दलही लिहायला हवं. ‘बदलून बघू’ हा आपल्याकडचा रूढ इलाज आहे. प्लग बदलून बघू, सीडीआय बदलून बघू, कार्बोरेटर बदलून बघू. याला नाव ठेवणं सोपं, पण दोष अर्धा आपला. अर्धा तास डोकं लावून मेस्त्रीनं नुसती सैल वायर बसवली तर ‘एवढ्याशा कामाचे शंभर रुपये?’ असं आपण विचारतो. तोच बाराशेचा पार्ट बसवला की मुकाट पैसे मोजतो. मग तो पार्टच बसवणार. चांगल्या मेस्त्रीला त्याच्या शोधाचे पैसे द्या, आणि जाताना त्याला काय काय बघून झालं ते सांगा : प्लग ओला होता की कोरडा, ठिणगी कशी होती, सेल्फ फिरत होता का. तेवढ्यानं त्याचा अर्धा वेळ वाचतो आणि ‘बदलून बघू’ची सोयही उरत नाही.

पुस्तिकेची मांडणी याच क्रमानं केली आहे. पहिल्या भागात बिनपान्याच्या गोष्टी, दुसऱ्यात बॅटरी आणि फ्यूज, तिसऱ्यात प्लग, चौथ्यात पेट्रोल आणि हवा, पाचव्यात इंजेक्शनच्या गाड्या. शेवटी कॉम्प्रेशन आणि टॅपेटवर दोन पानं आहेत, ती फक्त ओळखण्यापुरती. प्लगचं अंतर, टॅपेटचं माप, फ्यूजचे अँपिअर हे आकडे मुद्दाम दिलेले नाहीत. ते गाडीगणिक बदलतात आणि तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये छापलेले असतात. मॅन्युअल हरवलं असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर मिळतं.

पुस्तिका कपाटात ठेवू नका. प्लगपाना, एक जुना पण चालणारा प्लग, दोन फ्यूज, कोरडं फडकं आणि लहान टॉर्च यांच्याबरोबर ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून साइड बॉक्समध्ये किंवा सीटखाली ठेवा. आणि एक विनंती : गाडी अडायची वाट न बघता, पावसाळ्याच्या आधी एखाद्या रविवारी, दिवसाउजेडी, चालू गाडीचा प्लग एकदा स्वतःच्या हातानं काढून परत बसवा. फ्यूजची डबी आणि कार्बोरेटरचा ड्रेन स्क्रू कुठे आहे तेही तेव्हाच पाहून घ्या. घरात गाडी चालवणारी मुलगी, सून, आई असेल तर तिलाही सोबत बसवा.